आजोबांचा चार्जर आणि विमानातला प्लग

तुमचे आजोबा वारले तेव्हा तुमच्या आईला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची मनाई केली होती. ती म्हणाली, ‘आई, फोनवर नको सांगूस. सगळं क्रमाने लिहून आण. सोमवारपासून.’ बुधवारी ते गेले होते.

तेरावा आटोपल्यावर मी परदेशी तिच्याकडे निघाले. सोबत त्यांचा लॅपटॉप घेतला. सातपूरच्या कारखान्यासाठी ते त्यावर साच्यांची ड्रॉइंग करत, म्हणून तो जड होता आणि चार्जर तर अर्ध्या विटेएवढा. घरी माझी एक ओळही लिहून झाली नव्हती. विमानात भेटायला कोणी येणार नाही, तिथे लिहू, असं ठरवलं होतं. सीटला प्लग असतो हे मला माहीत होतं.

मी इंग्रजीत लिहीत होते. टायपिंग त्यातलंच येत होतं, आणि इंग्रजीत लिहिताना मला काही होत नव्हतं. मुद्द्यांना आकडे घातले. सोमवार झाला. मंगळवार जवळजवळ झाला आणि बॅटरी संपत आली. चार्जर लावला. प्लगचा हिरवा दिवा लागला आणि लगेच गेला. काढून परत लावला. परत तेच.

नाशिकला तेव्हा रोज लोडशेडिंग असायचं. इन्व्हर्टर बीप-बीप करायला लागला की आम्ही आधी टीव्ही बंद करायचो, मग एक पंखा. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, ‘जरा तुमचा टीव्ही आणि दिवा बंद करता का? माझ्या प्लगला वीज पुरत नाहीये.’

ते सटाण्याचे, मुलाकडे निघालेले. त्यांनी दोन्ही बंद केलं आणि पलीकडे बसलेल्या बायकोचाही टीव्ही बंद केला.

‘अहो, माझा पिक्चर चालू होता ना!’

‘थांब गं. मावशींकडे लोडशेडिंग हाय.’

मी चार्जर परत लावला. हिरवा दिवा लागला, गेला.

‘मावशी, आता पायलटला सांगू का, एक इंजिन बंद कर म्हणून?’

बायको हसली. मीही हसायला हवं होतं.

हवाईसुंदरीने चार्जर हातात घेऊन पाहिला. सीटचा प्लग ठरावीक वॅटपर्यंतच वीज देतो, जास्त ओढणारा चार्जर लावला की आपोआप बंद होतो, असं तिने सांगितलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीशी त्याचा संबंध नव्हता. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्ज केला तर चालेल कदाचित, म्हणाली. तेही करून पाहिलं. दिवा गेलाच.

पर्समध्ये वही-पेन होतं. मी ते काढलं नाही.

विमानतळावरून घरी जाताना गाडीत तुमच्या आईने विचारलं, ‘लिहिलंस?’

‘मंगळवारपर्यंत.’

‘मग बुधवार सांग.’

मी मराठीत सांगायला लागले. सकाळी त्यांनी चहा अर्धा ठेवला. नऊला औषध घेतलं. साडेदहाला गेटवर भाजीवाली आली.

‘तू खाली गेलीस?’

‘हो. मेथीच्या जुड्या बघत होते. वर आले तेव्हा ते गेलेले होते.’

‘किती वेळ खाली होतीस?’

‘दहा मिनिटं. जास्तही असेल. मी तिच्याशी बोलत बसले होते.’

तुमच्या बाबांनी गाडी कडेला घेतली. तुमची आई समोर बघत होती.

‘बाबांनी तुला हाक मारली असेल का?’ तिने विचारलं.

‘मला ऐकू आली नाही,’ मी म्हटलं.