पोळ्याच्या तारखेचे फॉर्म

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी वर्ध्याहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्याच काळात शहरातल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना गावोगाव फिरून फॉर्म भरणारा माणूस हवा होता. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता शेतकरी कुटुंबातली कामाची वाटणी. बातमीदाराला माणसांना प्रश्न विचारायची सवय असते, असं धरून त्यांनी मला घेतलं.

सर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि कॉलेज उघडलं की पुन्हा निघायची. पुढच्या वर्षी विभागात एक कायम जागा भरायची होती. प्रबंध तोवर विद्यापीठात पोचला तर ती सरांना मिळणार, नाहीतर नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

प्रत्येक फॉर्मच्या तळाशी त्यांनी एक ओळ छापून घेतली होती : ‘वरील माहिती मी प्रत्यक्ष भेटून घेतली आहे.’ खाली सही. इतर कुणाच्या फॉर्मवर तशी ओळ मी पाहिली नव्हती. मी ती सही न वाचता करत असे.

काम कंटाळवाणं होतं. पावसाळ्यात काळी माती सायकलच्या मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं माती काढायची, चार पावलं जायचं, पुन्हा काढायची. नाल्यापलीकडच्या एका गावात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा घरांना कड्या होत्या, माणसं शेतात. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “सर्वेवाले काजी? बसा. गाव संध्याकाळी येते. तवरिक माह्याच फारम भरा, मी काईच काम करत नाई.”

तिसऱ्यांदा मी गेलो नाही. वर्ध्यालगत बोरगावात माझी खोली होती, तिथेच बसून त्या गावाचे नऊ फॉर्म भरले. काळजीपूर्वक भरले. एका घरात निंदण, दुसऱ्यात फवारणी, तिसऱ्यात बैल जुंपून डवरणी. एका बाईला माहेरी पाठवलं. एकाचा मुलगा आजारी दाखवला. तारखा ओळीनं टाकत गेलो. उत्तरं एकसारखी दिसू नयेत याकडे माझं लक्ष होतं. कॅलेंडरकडे नव्हतं.

काही आठवड्यांनी सरांनी मला दुपारी कॉलेजात बोलावलं. टेबलावर फॉर्मचे गठ्ठे गावांप्रमाणे लावलेले होते. त्यांनी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“हे काय हाय रे?”

“डवरणी, सर.”

“ते वाचता येते मले. तारीख पाह्य.”

मी पाहिली. मला काही दिसलं नाही.

“त्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या दिवशी बैल कोण जुपते? तुह्या बापानं जुपले होते का?”

माझे वडील पोस्टात होते, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. सर आर्वीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लागते, पोळ्याला त्यांच्यावर जू ठेवत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मलाही माहीत होतं. त्या दिवशी मी पुरणपोळी खाऊन झोपलो होतो.

“गेलता का तू त्या गावाले?”

“दोनदा गेलो होतो.”

“अन् हे?”

मी फॉर्म टेबलावर पालथा ठेवला.

“किती आहेत असे?”

“नऊ. बाकीचे सगळे भेटून भरले, सर.”

“तुले माहीत हाय. मले कसं समजन?”

त्यांचा आवाज चढला नव्हता.

त्या शनिवारी ते मला घेऊन नागपूरला मार्गदर्शकांकडे गेले. मार्गदर्शकांनी फॉर्म चाळले आणि ते म्हणाले, “तारखेचा रकाना काढून टाका. प्रबंधात तारीख कोण बघतो? नऊ कागदांसाठी जागा घालवणार आहात का?”

“रकाना काढला तरी फॉर्म तेच राह्यते, सर,” आमचे सर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. बुटीबोरीला गाडी थांबली तेव्हा “चहा घेतो का?” एवढंच विचारलं.

माझे सगळे फॉर्म त्यांनी बाद केले. एकूण फॉर्मांत ते निम्म्याहून जास्त होते. मी पुन्हा जातो म्हणालो. “नाई. तू तुह्या बातम्या पाह्य.” मग ते स्वतः, तास संपले की आणि रविवारी, सायकलनं फिरू लागले. कापूस वेचून झाला तरी फिरत होते. पुढे बातमीसाठी त्या भागात गेलो तेव्हा एक शेतकरी मला म्हणाला, “तुमचे सर आलते. तेच प्रश्न पुन्हा. म्या म्हटलं, काऊनजी, पह्यल्या कागदाले उंदरानं खाल्लं का? तर म्हणे, हो ना, खाल्लं.”

सरांनी कुणाला खोटं सांगितल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

जागेच्या मुलाखती झाल्या तेव्हा प्रबंध अपुरा होता. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. सरांचा प्रबंध दोन वर्षांनी गेला. त्याच्या परिशिष्टात ‘एका सहायकाने भरलेले फॉर्म विश्वासार्ह न वाटल्याने वगळले’ अशी नोंद आहे. नाव नाही. कायम नोकरी त्यांना पुढे त्याच कॉलेजला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मिळाली.

ऐंशीच्या दशकात विद्यापीठानं परिपत्रक काढलं, की प्रत्येक प्रबंधाला काम स्वतःचं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. ती चार ओळींची बातमी मीच पाठवली. टायपिंगच्या दुकानांत प्रतिज्ञापत्राच्या तयार प्रती मिळू लागल्या. फक्त नाव घालायचं.

त्या सुमाराला एकदा सर माझ्याकडे आले. कॉलेजच्या बातम्या पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. कागदावर त्यांच्या अक्षरात सत्काराची बातमी होती. सत्कार ज्यांना ती जागा मिळाली होती त्यांचा; ते आता विभागप्रमुख झाले होते.

मी वाचली. तारीख, ठिकाण, पाहुण्यांची नावं, सगळं नीट होतं.

“सर, ही तुम्ही…”

“समारंभाले मी होतो,” ते म्हणाले. “पाठव.”