माहेरी न आलेल्या राजकन्या

अकोल्याच्या सगळ्या वकील-मास्तरांत मिळून शहाणा माणूस एकच होता, आणि त्यालाच गावाने येडा ठरवलं. परवा एका लग्नात दोन पेन्शनर ‘स्पेनवाल्या मास्तरां’ची नक्कल करून खिदळत होते. मी पंगतीतून उठून आलो. आता सगळं लिहूनच टाकतो.

हे इतिहासाचे मास्तर आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. वर्गात शिकवायचं असे इंग्लंड, पण मास्तर एकदा स्पेनच्या राजवाड्यात शिरले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. तिथल्या राजपुत्र-राजकन्यांची वंशावळ त्यांनी वारभर मांजरपाटावर काढून ओसरीत टांगली होती. स्वतःच्या चुलतभावाचं नाव विसरतील, पण तिकडची कोण कुणाची मावशी हे कधी चुकायचं नाही. राग सगळा राजांवर. “सख्ख्या भाचीसंगं लगन लावते! गोत्र नाई पाहत, काई नाई! एक पोरगी व्हिएन्नाले तिच्या मामालेच देली. नवऱ्याले ती मामाच म्हने, शेवटपर्यंत!” हे सांगताना त्यांचे डोळे भरायचे आणि बशीतला चहा निवून जायचा.

प्रत्येक राजकन्येपुढे दोन रकाने होते: कुठे दिली, आणि माहेरी किती वेळा आली. दुसऱ्या रकान्यात खालपर्यंत पूज्यच पूज्य. नागपंचमीला मास्तर पुरणाच्या दिंडांना हात लावीनात. “व्हिएन्नावालीले कोनी आनाले गेलं नाई, अन् मी दिंडं खाऊ?” गाव हसलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

त्याच साली माझी धाकटी बहीण यमू दर्यापूरला दिली. चौदा वर्षांची होती. लग्नात विहिणींच्या पंक्तीत मानपानावरून बिनसलं, आणि वडिलांनी सांगितलं, व्याही माफी मागतील तेव्हाच पोरीला आणायला जायचं. मीही मान डोलावली. पहिला दिवाळसण गेला, पंचमी गेली. मास्तर रोज कुंपणावरून विचारत, “काहून रे, यमूले कवा आनतं?”

“ते माफी मागतील तेव्हा.”

“अबे, व्हिएन्ना दूर हाये. दर्यापूर का दूर हाये?”

“मास्तर, तुम्ही तुमचा स्पेन सांभाळा!”

दुसऱ्या दिवाळीला त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, “तुमी नाई जात, त मी जातो.” दोन दिवस आधी मला हे कळलं होतं. म्हणून त्यांच्याआधी माझं पत्र दर्यापूरला पोचलं: शेजारचे गृहस्थ येतील, त्यांचं डोकं फिरलेलं आहे, मुलीला पाठवू नये. यमूच्या सासऱ्यांनी ते मास्तरांदेखत, चारचौघांत वाचून दाखवलं. मास्तर एकटेच परतले. गावाला मात्र शब्द मिळाला: येडा. तो मी दिला, घरातल्या ताठ्यापायी दिला, आणि तो लोक अजून हसतहसत वापरतात!

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. यमूचं सासरीच झालं, आणि त्यातच ती गेली.

मास्तर वारल्यावर ते मांजरपाट मी मागून घेतलं. सगळ्यांत खाली, स्पेनच्या राजकन्यांच्या ओळीत, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: यमू, दर्यापूर. पुढच्या रकान्यात त्यांनी पूज्य घातलेलं नाही. जागा मोकळी ठेवली आहे.

दर दिवाळीला मी ते कापड उलगडतो, टाक हातात घेतो, आणि तसंच पुन्हा घडी घालून ठेवतो.