तांडेलच्या आईचा पूल

आमच्या दिल्लीतल्या ब्रिज सेक्शनमध्ये किस्से साचायचे ते फायलींच्या ढिगाखालीच. देशभरातले पूल आम्ही कागदावर तपासायचे, आणि प्रत्यक्षात रोज बघायचा तो एकच: गाझियाबादहून येताना बस जॅममध्ये अडकते, तो यमुनेवरचा! बाकीचे फोटोत. पूल सुरू झाला की साइटवरून फोटो यायचा, तो भिंतीवर लागायचा, संपलं. मला विसरता येत नाहीत ते मात्र तांडेलचे किस्से.

*

तांडेल आमच्यातला एकटा कोकणातला, खाडीकाठचा. त्याचे वडील होडीने माणसांना खाडीपार सोडायचे. एका पावसाळ्यात भर खाडीत होडी उलटली, वडील सापडलेच नाहीत. तेव्हापासून आई होडीत बसली नाही. वळशाचा रस्ता दिवसभराचा, तो तिला झेपेना. तांडेल फोनवर "दिल्लीला ये" म्हणाला की उत्तर ठरलेलं, "पूल झाला की येते."

आणि त्याच खाडीवरच्या कोस्टल हायवेच्या पुलाचं ड्रॉइंग नेमकं आलं तांडेलच्याच टेबलावर!

*

त्यात तांडेलने फुटपाथचा हट्ट धरला. बॉस वैतागले, "हाईवे के पुल पर पैदल कौन चलेगा, यार?"

"मेरी माँ, सर."

सगळे खो खो हसले. पण फुटपाथ राहिला हं!

*

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरची बाल्कनी त्याने आईसाठी काचा लावून बंद केली, आत खाट टाकली. पोरं तिला "आजीची रूम" म्हणायची. इकडे पूल काही होईना. कधी खांबांच्या पायाचा प्रॉब्लेम, कधी कॉन्ट्रॅक्टरच गायब! पोरांना मिसरूड फुटली, खाट तशीच.

मी एकदा म्हटलं, "अरे, तोवर वापरा ना ती खोली."

माझ्यावर असा उखडला! दोन दिवस चहालासुद्धा आला नाही.

*

अखेर फोटो आला. निळी खाडी, माडांची रांग, मधोमध पांढराशुभ्र पूल. "क्या हनीमून स्पॉट है!" कोणीतरी ओरडलं.

तांडेलने मधल्या दोन खांबांच्या मध्ये बोट ठेवलं आणि मला हळूच म्हणाला, "बाबा इथे गेले, ताई."

बॉसनी पेढे मागवले होते. मी माझा पेढा फायलीवर तसाच ठेवला.

*

तांडेल सुट्टी टाकून आईला आणायला गेला, आणि एकटाच परत आला.

बॉसनी विचारलं, "माताजी आईं?"

"आधे पुल तक आईं, सर."

दुपारी डबे उघडल्यावर त्याने मला सांगितलं. आई बोचकं घेऊन गाडीत बसली होती, अगदी खुशीत. पुलाच्या मध्यावर म्हणाली, "थांबव." फुटपाथवर उतरली. कठडा धरून खाली, बाबा गेले ते पाणी बघितलं. मग आपला काठ बघितला, मग पलीकडचा.

"एवढंच अंतर होतं काय रे?" म्हणाली. "यांना इथे टाकून कुठे येऊ?"

आणि बोचकं काखोटीला मारून फुटपाथवरून घराकडे चालू लागली.