तीनशे तीन म्हणजे किती?

अबू धाबीतल्या मुसफ्फाच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी अकरा वर्षं मोजमापं करतोय. वस्तू मोजायची, आकडा लिहायचा, सही करायची. यात किस्से कुठून येणार, असं लोकांना वाटतं. पण कागदावर आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. एका शूटिंग क्लबने आपल्या जुन्या लष्करी बंदुका आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून तर माझ्याकडे किस्से ठेवायला जागा उरलेली नाही.

परवाने, पोलिसांचे कागद, काडतुसं नव्याने भरणं, हे सगळं क्लबचं. आम्ही फक्त सांगायचं, बंदुकीची नळी आतून किती आणि तिच्यात जाणारी गोळी किती. नळीच्या भोकाला आमच्यात बोअर म्हणतात.

*

पहिल्याच दिवशी सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला.

"काय जावईबापू, कामात का?"

"हो पप्पा, बोअरचं काम काढलंय."

"अरे वा. कितीवर आलात?"

माझं लक्ष गेजवर. म्हटलं, "तीनशे तीन."

पलीकडून काळजीच्या आवाजात, "पाणी लागलं का?"

*

क्लबच्या बंदुका घेऊन यायचे ते बू सईद. म्हणजे सईदचे बाबा. त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. सत्तरी ओलांडलेले, मूळचे फुजैराचे, आणि जुन्या पिढीचे असल्यामुळे हिंदी आमच्या शाजीपेक्षा चांगली. शाजी आमचा लेथवाला, केरळचा.

त्यांनी थ्री-नॉट-थ्री रायफल आणि तिच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. बंदुकीचं नाव तीनशे तीन, म्हणजे इंचाचे तीनशे तीन हजारांश. आमच्या भाषेत तीनशे तीन थाऊ. गोळी मोजली तर तीनशे बारा!

"चाचा, ये गोली इस में नहीं जाएगी. नौ थाऊ मोटी है."

"साठ साल से जा रही है," बू सईद म्हणाले.

मी शिर्के साहेबांकडे धावलो. लॅब त्यांची, साताऱ्याचे. त्यांनी शांतपणे समजावलं, की नळीच्या आत उंचवटे असतात आणि मधे खाचा. तीनशे तीन हे उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतचं माप. गोळी मात्र खाचा भरून निघेल एवढी जाड लागते, नाहीतर नुसती खुळखुळत जाईल.

"मग साहेब, नाव तीनशे तीन कशाला?"

"तुझं नाव विजय ना? कितीदा जिंकलास?"

*

एकदा क्लबकडून गोळ्यांचे दोन डबे आले. दोन्हींवर लिहिलेलं सात पॉइंट बासष्ट मिलिमीटर. एका डब्यातल्या गोळ्या तीनशे आठ थाऊ, दुसऱ्यातल्या तीनशे अकरा. मी जाड गोळ्यांवर लाल स्टिकर लावून डबा परत पाठवला.

बू सईद तो घेऊन पुन्हा हजर. एक डबा एका देशाच्या रायफलींचा, दुसरा दुसऱ्या देशाच्या. नाव तेच, माप निराळं, आणि दोन्ही बरोबर!

"असं कसं चालेल?" मी वैतागलो.

शाजी लेथ थांबवून म्हणाला, "सर, मेरे लेबर कॅम्प में छे शाजी है. किसी को रिजेक्ट नहीं किया."

*

आता माझी स्वतःची चूक. ही सांगताना आजही कसंतरी होतं.

बू सईदांनी त्यांच्या वडिलांची रायफल आणली, तीही थ्री-नॉट-थ्री. क्लबचा नवा नियम होता: नळीचं प्रमाणपत्र नसेल तर बंदूक धोकादायक धरायची, तोंड वेल्डिंगने बंद करायचं आणि काचेच्या कपाटात ठेवायची.

खाचा मोजायची रीत सोपी आहे. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत पार करायचा. बाहेर येताना तो खाचांचा ठसा घेऊन येतो. मी तो मायक्रोमीटरमध्ये धरला. तीनशे आठ. तीनदा मोजला, तीनदा तेच. गोळी तीनशे बाराची, म्हणजे चार थाऊ जाड. मी "अयोग्य" लिहून सही केली.

बू सईदांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "तुम ने नापा है, तो ठीक है." मला वाटलं, ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

*

त्या रविवारी आमच्या अल रीमच्या फ्लॅटमध्ये मी दिवाळीचा आकाशकंदील खोक्यात भरत होतो. पाच टोकांची चांदणी. खोकं केवढं लागेल म्हणून एका टोकावर टेप धरली आणि समोरच्या टोकाकडे ओढली. समोर टोक नव्हतंच, बेचका होता. फिरवून धरली, तरी बेचका.

नऊ वर्षांची सई सोफ्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, इट डझन्ट हॅव ॲन ऑपोझिट."

त्या रायफलीला खाचा पाच होत्या! मायक्रोमीटरचा एक जबडा ठशाच्या उंच भागावर, दुसरा खोलगट भागावर. मी तीनदा अगदी काळजीपूर्वक चुकीचं मोजलं होतं.

वेल्डिंग सोमवारी सकाळी होतं.

*

सोमवारी मी क्लबच्या वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा वेल्डर मास्क चढवत होता. "रुको!" एवढंच ओरडता आलं. बू सईद बाजूला खुर्चीत बसले होते.

समोरासमोर टोकं नसलेल्या वस्तूंसाठी तीन टेकूंचा मायक्रोमीटर असतो; सोबत नेलेल्या त्या मायक्रोमीटरने तो ठसा पुन्हा मोजला. तीनशे तेरा. म्हणजे मी जिला जाड ठरवलं, ती गोळी उलट एक थाऊ बारीक होती. क्लबने त्या नळीसाठी तीनशे चौदाच्या शिशाच्या गोळ्या ओतून घेतल्या, मी माफीसकट नवं प्रमाणपत्र दिलं, आणि पंधरा दिवसांनी बू सईदांनी मला रेंजवर बोलावलं.

बू सईद बाकावर बसले. काडतूस भरलं, नेम धरला. आम्ही सगळे कानांवर मफ लावून वाट बघतोय. बराच वेळ गेला. मग त्यांनी काडतूस बाहेर काढून रेंज ऑफिसरच्या हातात दिलं.

"खलास."

"चाचा, चलाया क्यूँ नहीं?"

त्यांनी नळीमागचा बोल्ट काढला, नळी वर धरून एका डोळ्याने आत पाहिलं आणि रायफल माझ्याकडे दिली. मीही पाहिलं. वेल्डिंग झालं असतं तर आत नुसता अंधार दिसला असता.

"कितना है?"

"तीन सौ तेरह."

"नंबर नहीं, हबीबी. आसमान कितना दिखता है?"

"पूरा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि रायफल कापडात गुंडाळायला घेतली.