शांताक्काच्या गच्चीवरच्या पट्ट्या

"मामा, आई गेली," भालकीहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत प्लास्टिकची एक पट्टी यंत्रावर ताणून बघत होतो. ती तुटेपर्यंत थांबलो, आकडा लिहिला आणि मगच बाहेर येऊन रडलो... काम अर्धवट टाकलेलं माझ्या थोरल्या बहिणीला, शांताक्काला, खपलं नसतं.

मी कलबुर्गीत पॉलिमर विषयात पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. शेतात अंथरायचं प्लास्टिक उन्हानं लवकर फाटू नये म्हणून मी त्यात एक नवं मिश्रण घातलं होतं. त्याच्या पट्ट्या वर्षभर उन्हात ठेवायच्या होत्या. वसतिगृहाच्या गच्चीवर माकडांचं राज्य, म्हणून पट्ट्यांची चौकट भालकीला अक्काच्या गच्चीवर ठोकली. अक्का कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पण राखणीला तिच्यासारखं माणूस मिळायचं नाही. दर महिन्याला मी चार पट्ट्या काढून न्यायचो. भर उन्हाळा गेला तरी पट्ट्या नव्यासारख्या. माझे मार्गदर्शक सर खूश, मी तर हवेतच.

जेवताना हे सांगितलं, तर अक्काचा घास हातातच राहिला.

"उन्हानं खराब होतंय का, हेच बघायचं होतं व्हय?"

"व्हय."

"मग चुकलं माझं. तुझी मेहनत जळायली म्हणून दुपारचं रोज ह्यांचं जुनं धोतर झाकत व्हते मी."

मी नको ते बोललो, ताटावरून उठलो आणि कलबुर्गीची बस धरली. तिसऱ्या दिवशी बघतो तर अक्का सरांच्या खोलीत, कन्नडमध्ये सगळं सांगून मोकळी झालेली. सर एवढंच म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून करा." मला बोलणी बसू नयेत म्हणून ही एवढ्या लांब आली, असं मला वाटलं.

पुढच्या खेपेला सावली पडेल म्हणून तिनं गच्चीवर साडीसुद्धा वाळत घातली नाही. पाचव्या महिन्यात पट्ट्या हातात पापडासारख्या मोडल्या. माझं मिश्रण टिकत नव्हतं. प्रबंधात तेच लिहिलं आणि पदवीही त्यावरच मिळाली. अक्काएवढं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

शेवटच्या भेटीत ती अंथरुणाला खिळली होती. मी सहज विचारलं, "अक्का, तवा तू सरांकडं कामून आलतीस? मीच सांगितलं असतं की."

ती हसली. "न्हाई रे. तू सांगणार न्हवतास."

ताटावरून उठलो त्या दिवशी बसमध्ये, भालकीपासून कलबुर्गीपर्यंत, माझ्या डोक्यात एकच विचार होता... पट्ट्या झाकल्या होत्या, हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे?