लूमखात्यातला दिवा

ललित पाटील कुठल्याही मिलमध्ये शिरला की आधी छताकडे बघायचा. बघणाऱ्याला वाटे, हा कोळ्याची जाळी मोजतोय. तो तार कुठून न्यायची ते ठरवत असायचा. घराणं अमळनेरचं, डिप्लोमा सुरतचा आणि नोकरी तिथल्याच कतारगामच्या एका कंपनीत, कारखान्यांच्या इंटरकॉमचे नकाशे काढायची. "काय ललितभाई, कसं काय?" विचारलं की म्हणायचा, "होतंय." मुलगी झाली तेव्हा "होतंय". आई गेली तेव्हाही तेच.

चौऱ्याण्णव साली बमरोलीच्या एका मिलचं काम आलं. तिथे त्याचे सख्खे मामा, लोटूमामा, वीस वर्षं या खात्यातून त्या खात्यात निरोप पोचवत होते. मॅनेजरने बारा खात्यांना बारा फोन सांगितले आणि हसत म्हणाला, "पछी लोटूकाकानी शी जरूर? घेर मोकली दो!"

मामांना घरी पाठवणार. ललितला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने खिशातून मापाची टेप काढली.

संध्याकाळी सुंदरामामींनी चहा पुढे केला. "भाचा, तूच काही कर ना रे. त्यास्ले दुसरं काय येस?"

ललित चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी लूमखात्यात त्याने सोबत आणलेला फोन जोडून वाजवून पाहिला. दीडशे माग खडखडत होते. घंटी कोणालाच ऐकू गेली नाही. त्याने नकाशात घंटीच्या जागी लाल दिवा काढला आणि मॅनेजरपुढे ठेवला.

"साहेब, इथे दिवाच चालेल. पण कारागिराची नजर धाग्यावर असते. दिव्यावर नजर ठेवायला एक माणूस लागेल. लोटूकाका आहेतच."

"चालो, बेसाडी दो!"

नोकरी वाचली.

महिन्याने ललित लाइन तपासायला गेला. पूर्वी मामा फिरता फिरता वॉर्पिंग खात्यातल्या मगनला चार शिव्या घालायचे, कँटीनमध्ये अर्धा चहा मारायचे, फाटकावरच्या भगवानची हुबेहूब नक्कल करायचे. आता स्टुलावर बसून होते, मान वर, नजर दिव्यावर.

"कसं काय, मामा?" ललित त्यांच्या कानाशी ओरडला.

मामांनी मान वळवली नाही. "मना पाय काढी लिधात तू!" तेही ओरडले. "जाय आते. दिवा लागना ते कोन देखी?"

ललित दाराशी आला. तिथे तार भिंतीपासून सुटली होती. त्याने एक क्लिप ठोकली. मग शेजारी आणखी एक.