बिनकुलपाचं घर

बार्शीटाकळीत देवीदासच्या घराला कधी कुलूप लागलं नाही. चोराचं भय नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठं भय होतं मेलेल्या आईच्या शब्दाचं. एकाहत्तरच्या लढाईत देवीदासचा मोठा भाऊ श्रावण बेपत्ता झाला. ना देह आला, ना पक्की खबर. "पोरगं येईन आन् कुलूप पाहून वापस जाईन," म्हणत मैनाबाईनं मरताना धाकट्याकडून वचन घेतलं, की घरात माणूस पाहिजेच.

वचन दिलं देवीदासनं, जन्मठेप भोगली त्याच्या बायकोनं, माणिकबाईनं. चाळीस वर्षांचा संसार, पण नवराबायको एका गाडीत कधी बसले नाहीत. एक जण झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजारात, तर दुसरा ओट्यावर. पोरीचं, साधनाचं, लग्न अमरावतीत झालं, तेव्हा बाप इथं दार राखत बसला आणि कन्यादान मामानं केलं. आता बोला! माणिकबाई मांडवात हसली आणि परतीच्या गाडीत ढसाढसा रडली.

यंदा अमरावतीत अनाम जवानांचं स्मारक झालं. घरच्यांना बोलावणं आलं. देवीदास जागचा हलला नाही.

"तू जाय. त्याच्यात आपला श्रावणदादा हाये का, तेवढं इचारून ये. असन, तर लावू कुलूप."

माणिकबाईला कानावर विश्वासच बसेना. जाताना तिनं अकोल्यात कुलूपच विकत घेतलं.

दगड चांगला पुरुषभर उंच, गुळगुळीत. त्यावर नाव एकही नव्हतं. तिनं घरून ओवून आणलेला हार ठेवला आणि तिथल्या एका साहेबाला गाठलं.

"साहेब, याच्यात आमचे भासरे हायेत काय? श्रावणभाऊ?"

"आजी, हे सगळ्यांचंच आहे."

"सगळ्यायचं असन बाप्पा! पण आमचे हायेत का नाई?"

साहेब भला माणूस. त्यानं पाण्याची बाटली दिली. मग तो पुढच्या पाहुण्याकडं वळला.

परतीच्या वाटेवर तिचा जीव नुसता तडफडला. 'नाई' म्हटलं की पुन्हा तेच दार, तोच ओटा, मरेपर्यंत. अंगणात पाय ठेवत नाही तोच देवीदासनं विचारलं, "हाये?"

"हाये," ती बोलून गेली. "नाव कोरलं हाये. मोठ्या अक्षरात."

देवीदास लहान पोरासारखा रडला. तिलाही रडू आलं. खोटं बोलल्याचं आणि सुटल्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. माणिकबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. नवऱ्याशेजारी गाडीत बसून लेकीकडं जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"साधनाकडं जाऊ ना?" तिनं लाजत विचारलं.

"जाऊ ना. पण पहिले दादाचं नाव पाहू. मले पाटीवर अक्षरं त्यानंच शिकवली वं. त्याचं नाव मी बोट फिरवून वाचीन."

आणि चावी त्यानं मोठ्या विश्वासानं तिच्याच हातात दिली.